झाड कुठं पडणार हे सांगणारी बाई

१९३० सालच्या दिवाळीत कापसाचा भाव पडला तो पडलाच. दारव्ह्याच्या सरकी काढायच्या जिनांचे भोंगे वाजायचे थांबले, वेचणीला कुणी कुणाला बोलवेना, आणि जन्मभर ज्यांच्या हातांनी बोंडं आणि सरकी यांखेरीज काही हाताळलं नव्हतं अशी माणसं पोटासाठी पैनगंगेच्या काठच्या रानात शिरली. उमरखेडपासून कोस-दीड कोसावर त्या वर्षी सागाचा मोठा कूप निघाला होता. कूप म्हणजे सरकारनं त्या सालापुरता तोडायला काढलेला जंगलाचा तुकडा. एवढ्या मंदीतही रेल्वेला रुळांखाली टाकायला लाकूड लागतच होतं, त्यामुळे कूप घेतलेल्या ठेकेदाराला माणसांची वाण नव्हती. एक गेला तर दहा उभे होते, आणि ही गोष्ट तो दिवसातून दोनदा तरी बोलून दाखवायचा.

त्या कुपात बिजलीबाई पाडलेल्या झाडांची साल काढायच्या कामावर होती. तीस-बत्तीस वर्षांची, बंजारा तांड्यातली, उंच आणि हाडापेरानं मजबूत. तिचा बाप जन्मभर झाडं तोडत आला होता आणि सातव्या वर्षापासून ही त्याच्या दोराचं टोक धरून उभी राहायची. झाडाकडे खालून वर एकदा पाहिलं की ते कुठं पडणार हे तिला कळायचं. नवरा पूनमसिंग तोड्या होता. तो फार बोलत नसे. पण कुऱ्हाड लावण्याआधी बायकोकडे एकदा बघायचा आणि ती मानेनं दाखवील त्या अंगाला खाच घ्यायचा. बाकी कुणी तिला विचारत नव्हतं.

डोमाजी हा दारव्ह्याच्या जिनात बारा वर्षं राबलेला माणूस. कुपात येऊन त्याला पंधरा दिवसही झाले नव्हते. एका सकाळी वारा सुटला असताना मुकादमानं त्याला आणि त्याच्यासारख्याच एका नवख्याला ओढ्याकाठचा जाड साग दाखवला आणि टेकडीच्या बाजूला पाडायला सांगितला.

बिजलीबाई हातातलं काम टाकून पुढे आली. "मुकादम, ते झाड टेकडीकडे नाई जात. फांद्यांचं सारं वजन ओढ्याकडे हाय. अन् वारा बी तिकडलाच."

"तू साल काढ," मुकादम म्हणाला. "बाईमाणसानं झाड शिकवू नये."

झाड ओढ्याकडेच आलं. डोमाजी पळाला, पण पळायची वाट त्यानं आधी पाहून ठेवलेली नव्हती. एक फांदी त्याच्या उजव्या पायावर बसली. सगळे नुसते ओरडत राहिले. बिजलीबाईनं एक लांब बल्ली उचलली, दगडाचा टेका देऊन ती फांदीखाली घातली आणि सगळं अंग टाकून दाबली. फांदी वीतभर उचलली गेली तेव्हा पूनमसिंगनं डोमाजीला बाहेर ओढलं. जीव वाचला, पाय मात्र गुडघ्याखाली कायमचा वाकडा झाला.

ठेकेदार दुपारी घोड्यावरून आला. पाहून म्हणाला, "याची याले अक्कल नाई, त्याले मी काय करू?" आणि वारा तसाच असताना काम पुन्हा सुरू झालं.

महिना-दीड महिन्यानं भगवानरावांचा सिनेमाचा तंबू उमरखेडच्या बाजाराच्या मैदानात उभा राहिला. भगवानराव पूर्वी कापसाची दलाली करायचे. तो धंदा बसल्यावर त्यांनी यवतमाळच्या कुणाकडून तरी एक जुनं यंत्र, पडदा आणि फिल्मच्या पेट्या घेतल्या आणि ते गावोगाव फिरू लागले. चित्रं मुकी. पडद्यावर माणसं ओठ हलवत आणि मध्येच इंग्रजी अक्षरांची पाटी येई. ती वाचून गोष्ट सांगायला त्यांनी श्रावण मास्तर ठेवला होता. मास्तर सात इयत्ता इंग्रजी शिकलेला, आवाज खणखणीत, देवादिकांची चित्रं तर असा सांगायचा की बाया पडद्याला हात जोडत. पण त्या खेपेला देवाच्या चित्राची पेटी दुसऱ्याच गावी अडकली होती. हाताशी होतं ते एक विलायती चित्र, उत्तरेकडच्या बर्फाच्या रानातल्या लाकूडतोड्यांचं.

भगवानरावांनी दवंडी दिली. ज्याच्याकडे नाणं नाही त्यानं ओंजळभर ज्वारी आणावी, असंही सांगितलं. बाजाराचा दिवस असल्यामुळे कुपातलीही माणसं आली होती. दिवेलागणीला खेळ सुरू झाला. चित्र उजळ दिसावं म्हणून पडदा ओला केला, पेटीवाल्यानं बाजाच्या पेटीवर सूर धरला, यंत्राचा दांडा फिरू लागला. पडद्यावर पांढरंशुभ्र रान उमटलं, एवढाले सरळसोट वृक्ष, आणि चौकटीचे सदरे घातलेली दाढीवाली माणसं.

श्रावण मास्तर काठी घेऊन उभा राहिला. "पाहा, पाहा! हा महाबली वीर आता वृक्षाशी युद्ध करणार! त्याच्या भुजांत दहा हत्तींचं बळ..."

पडद्यावर दोन माणसं आरा म्हणजे लांब करवत ओढत होती. मागे त्यांचा दुष्ट मालक उभा होता. मास्तरनं काठी त्याच्याकडे रोखली. "हा दुर्जन! याच्या मस्तकावर हा वृक्ष आता कोसळणार!"

"नाई पडत!"

आवाज बायांच्या बाजूनं आला होता. मास्तर थबकला. बिजलीबाई आपल्या जागेवर उभी राहिली होती, आणि आपण उभे आहोत हे तिला बहुधा कळलंही नव्हतं.

"खाच नदीच्या अंगानं घेतली हाय," ती म्हणाली. "झाड नदीकडे जाईन. त्या माणसाले काई होत नाई."

झाड हललं, वाकलं आणि सरळ नदीकडे गेलं. मालक होता तिथंच उभा राहिला. तंबूत अशी आरोळी उठली की बाहेर बांधलेले बैल बुजले.

त्यानंतर लोकांनी मास्तरला बोलू दिलं नाही. "बिजलीबाई, हे काहून पाण्यात टाकून राह्यले?" "बिजलीबाई, तो पाचर कायले ठोकते?" ती बसल्या जागेवरून सांगत गेली. नदीत हजारो ओंडके वाहत आलेले दिसले तेव्हा ती स्वतःच थक्क झाली. "पाहा व माय! आपला साग हिरवा असला तर बुडते. याईचं लाकूड पाण्यावर पोहून राह्यलं!" लोक हसले, आणि मग शांत झाले, कारण त्यांनाही ते खरंच नवल वाटलं.

श्रावण मास्तर काठी ठेवून तंबूबाहेर निघून गेला.

दुसऱ्या दिवशी भगवानराव स्वतः कुपापाशी आले. झोपड्यांच्या पुढे पूनमसिंग कुऱ्हाडीला धार लावत होता. "बाईंनी रोज सांगावं," भगवानराव म्हणाले. "कामावरून सुटल्या की माझी बैलांची दमणी न्यायला येईल, खेळ झाला की आणून सोडील."

बिजलीबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. तांड्यातली दोन म्हातारी माणसं जवळच होती. बाईनं तंबूत परक्या माणसांपुढे उभं राहून बोलायचं, हे त्यांना रुचलं नव्हतं आणि ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

पूनमसिंगनं धारेवरून अंगठा फिरवला. "ती जे बोलली त्यात खोटं काय होतं?" तो म्हणाला. "बोलू द्या. मी जाईन तिच्यासंगं."

"पण मले पाट्या वाचता येत नाई," बिजलीबाई म्हणाली. "मास्तर लागन. ते रागावले असतीन तर मी नाई येत."

ती संध्याकाळी लवकर गेली आणि तंबूच्या मागे बसलेल्या श्रावण मास्तरपुढे उभी राहिली. "मास्तर, काल माझ्याकडून चूक झाली. मधात बोलायले नाई पायजे होतं."

मास्तर म्हणाला, "चूक माझी झाली, बाई. मी जन्मात झाड तोडताना पाहिलं नाही आणि काठी घेऊन उभा राहिलो. काल बाहेर जाऊन फटीतून सगळा खेळ पाहिला मी. तुम्ही सांगत होता तेव्हा मला पहिल्यांदा ते चित्र कळलं." तो सरकून बसला. "माणसं काय बोलतात ते मी तुम्हाला सांगीन. झाडाचं, पाण्याचं, कुऱ्हाडीचं तुम्ही सांगा."

तसं त्यांनी केलं. मास्तर पाटी वाचून एका वाक्यात अर्थ सांगायचा आणि बिजलीबाई उरलेलं सगळं. नायकाला ती चौकटीवाला म्हणायची. गोष्ट अशी होती की त्या रानातला मालक माणसांना वाऱ्यात, बर्फात, कसंही कामाला जुंपतो. त्यांचा म्हातारा मुकादम अडवतो, तर त्याला काढून टाकतो. मग नदीत ओंडके अडकून डोंगर होतो, आणि मालक दोराशिवाय माणसांना त्यावर चढायला सांगतो. एक जण बुडून मरतो. तेव्हा चौकटीवाला आणि बाकी सगळे कुऱ्हाडी खाली ठेवतात.

तंबू भरू लागला. तांड्यांतून, कापसाच्या गावांतून, नदीपलीकडच्या निजामाच्या मुलखातूनही माणसं येऊ लागली. यंत्र एकच असल्यामुळे एक रीळ संपून दुसरं चढवेपर्यंत उजेड करावा लागे, आणि त्या वेळात बिजलीबाई कुपातल्या नवख्यांना समोर बोलावून दाखवायची. "पाहलं का? ज्या अंगाले पाडाचं त्या अंगाले खाच. मंग मागून आरा. पण आरपार नाई जायचं. मधात चार बोटं लाकूड ठेवा. दाराले बिजागरी असते तशी ते चार बोटं झाडाले वळवते. अन् कुऱ्हाड उचलाच्या आधी पळाची वाट पाहून ठेवा." झाड सुटताना तांड्यातले तोडे जी आरोळी देतात तीही तिनं सगळ्यांना शिकवली: "आवच! आवच!" म्हणजे आलं, आलं. पडद्यावर झाड कललं की सगळा तंबू एका आवाजात ओरडायचा.

डोमाजी कुबडी घेऊन रोज पुढच्या रांगेत बसायचा. चौथ्या दिवशी तो तिला म्हणाला, "बिजलीबाई, हे मले आधी कोणी सांगतलं असतं तर?" त्या दिवशी वाऱ्यातल्या झाडाचा भाग आला तेव्हा तिचा आवाज वेगळाच लागला आणि तंबूत कुणी हललं नाही.

कुपात बोलणं सुरू झालं. माणसं मुकादमाला विचारू लागली, दोर कुठं आहे, वारा आहे तर काम का. मुकादमानं ते ठेकेदाराच्या कानावर घातलं. ठेकेदारानं पूनमसिंगला बोलावलं. "बायकोले घरी बसव. नाई तर दोघंही उद्यापासून येऊ नका."

"ती चित्रात हाय तेच सांगते, मालक," पूनमसिंग म्हणाला. "तुमी या. पाहा."

ठेकेदार खरंच आला. शुक्रवारचा खेळ होता. त्यानं खुर्ची मागवली, सगळ्यांच्या पुढे टाकली आणि पडद्याकडे न बघता थेट बिजलीबाईवर नजर रोखून बसला. मुकादम त्याच्यामागे उभा राहिला. मास्तर हळूच म्हणाला, "बाई, वाटल्यास आज मी सांगतो. देवाचं सांगतो तसं सांगून मोकळा होतो."

उद्या काम गेलं तर पोरांना काय घालायचं हे तिला माहीत नव्हतं. तिनं पूनमसिंगला शोधलं. तो मागे, बांबूला टेकून उभा होता. त्यानं कुऱ्हाड लावण्याआधी पाहायचा तसं तिच्याकडे पाहिलं आणि तिच्या मानेच्या खुणेची वाट बघत थांबला.

"नाई मास्तर," ती म्हणाली. "तुमी पाट्या वाचा."

पहिली दोन रिळं तिनं नेहमीपेक्षा हळू सांगितली. जास्तीचा एक शब्द घातला नाही, कमी एक केला नाही. नदीतला ओंडक्यांचा डोंगर आला. मालक काठावर उभा राहून हात नाचवत होता. मास्तरनं पाटी वाचली: "एक गेला तर दहा येतील. काम थांबणार नाही."

तंबूत कुजबुज झाली. हे वाक्य सगळ्यांनी ऐकलेलं होतं, आणि ते बोलणारा खुर्चीवर बसला होता.

चौकटीवाल्यानं कुऱ्हाड खाली ठेवली. दुसऱ्यानं ठेवली. आणि नेमकी तिथंच फिल्म तुटली. जुनी फिल्म, दर खेळाला एकदा तरी तुटायची. पडदा पांढरा झाला आणि भगवानरावांनी घाईनं बत्ती मोठी केली.

ठेकेदार उठला. "खेळ खतम. चला, आपापल्या घरी जा."

कुणीच उठलं नाही. तीन-साडेतीनशे माणसं मांडी घालून बसली होती तशीच बसून राहिली. मग पुढच्या रांगेतून डोमाजीनं विचारलं, "मंग काय झालं, बिजलीबाई?"

ती दोन पावलं पुढे आली. आता मागे चित्र नव्हतं. ती होती आणि समोर ठेकेदार होता.

"मंग ते सारे ओंडक्यांवर बसले," ती म्हणाली. "कोणी शिवी नाई देली. कोणी दगड नाई उचलला. मालक ओरडला, त्याईनं ऐकून घेतलं. त्यानं दुसरी माणसं बलावली. ते बी आले अन् याईच्या बाजूले बसले, काहून का मेला तो त्याईच्याच गावचा होता. एक दिवस गेला, दोन दिवस गेले. ओंडके जाग्यावरच. मंग मालक स्वतः आला, चिखलातून चालत. म्हणे, काय पायजे? त्याईनं पैशे नाई मागतले. म्हणे, दोर पायजे. वारा असला तर काम नाई. नवा माणूस जुन्याच्या हाताखाली. अन् आमचा म्हातारा मुकादम आमाले परत पायजे, कारण का त्याले पाणी कळते." ती थांबली. "मालकानं देलं. मंग चौकटीवाला कमरेले दोर बांधून त्या ढिगावर चढला, एकच ओंडका सोडवला, अन् सारी नदी मोकळी झाली."

"हे सगळं तू बनवून सांगून राह्यली," ठेकेदार म्हणाला. पण त्याचा आवाज उतरला होता.

"फिल्म जोडली!" यंत्रापासून भगवानराव ओरडले. त्यांनी दांडा फिरवला. पडद्यावर माणसं ओंडक्यांवर बसली होती. मालक चिखलातून चालत आला. मास्तरनं पाट्या वाचल्या, एकेक, आणि प्रत्येक पाटीला तंबूतून एकच हुंकार उठला. शेवटी तो ढीग फुटला, हजारो ओंडके उसळून वाहू लागले, आणि लोक उभे राहून नाचले. ठेकेदाराची खुर्ची तोवर रिकामी झाली होती.

सकाळी कुपात वारा होता. मुकादमानं शिट्टी वाजवली. पूनमसिंगनं खांद्यावरची कुऱ्हाड काढली, आदल्या दिवशी पाडलेल्या सागाला टेकवून ठेवली आणि खोडावर बसला. त्याच्याशेजारी जिनातले दोघं बसले. मग तांड्यातले. मग बाया. तासाभरात अख्खा कूप बसला. मुकादम धावत सुटला.

ठेकेदारानं दारव्ह्याकडून मोटारीनं माणसं आणवली. ती दुसऱ्या दिवशी आली, पण त्यांतले निम्मे डोमाजीला ओळखत होते. त्यांनी त्याचा पाय पाहिला, गोष्ट ऐकली आणि तेही बसले. तिसऱ्या दिवशी रेल्वेचा साहेब लाकूड मोजायला आला आणि मोजायला काही नाही म्हणून ठेकेदारावर सगळ्यांच्या देखत चिडला.

संध्याकाळी ठेकेदार आला. या वेळी घोडा खालीच बांधून आला होता. "काय पायजे तुमाले?"

पूनमसिंग उभा राहिला. जन्मात तो एवढ्या लोकांपुढे बोलला नव्हता. "दोर," तो म्हणाला. "वाऱ्यात तोड नाई. नव्याच्या संगं जुना माणूस. डोमाजीले बसल्या जागेचं काम, हत्यारांले धार लावाचं." त्यानं श्वास घेतला. "अन् कोणतं झाड कुठं पाडाचं ते मुकादम नाई सांगणार. बिजली सांगन."

"बाई?"

"ओढ्याकाठच्या झाडाचं तिनंच सांगतलं होतं," डोमाजी म्हणाला. "तुमच्या मुकादमाले इचारा."

ठेकेदारानं मुकादमाकडे पाहिलं. मुकादमानं मान खाली घातली आणि मग, बहुधा तीन दिवसांत पहिल्यांदाच खरं बोलत, म्हणाला, "हो मालक. तिनं सांगतलं होतं."

"बरं," ठेकेदार म्हणाला. तेवढा एकच शब्द. पण तो सगळ्यांनी ऐकला.

चौथ्या दिवशी वारा पडला. नवे दोर आले. बिजलीबाई हातात गेरूचा वाडगा घेऊन रानात शिरली आणि तिच्यामागे सगळा कूप. प्रत्येक झाडाभोवती ती एकदा फिरायची, वर पाहायची, बुंध्याला तळवा लावून क्षणभर थांबायची आणि खाच घ्यायची त्या अंगाला गेरूचं बोट ओढायची. पहिलं झाड नवख्या दोघांनी पाडलं. चार बोटं लाकूड राखून. ते तिनं दाखवलेल्या जागेवर, दोन झुडपांच्या मधून, एकही फांदी कुठं न अडकता जाऊन पडलं. त्या दोघांतला एक, ज्यानं मागच्या दिवाळीपर्यंत सरकीखेरीज काही पाहिलं नव्हतं, तो कुऱ्हाड टाकून लहान पोरासारखा टाळ्या वाजवू लागला. बिजलीबाई हसली आणि पुढच्या झाडाकडे गेली.

त्या मोसमात कुपात अकराशेवर झाडं पडली. एकाही माणसाला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही.

वैशाखात तोड थांबली तेव्हा भगवानराव परत आले. दारव्ह्यात तंबू लावायचा होता आणि जिनातली बेकार माणसं आतापासूनच विचारत होती, झाडवाली बाई येणार का. बिजलीबाई, पूनमसिंग आणि पोरं बैलगाडीनं निघाली. मैदानाच्या तोंडाशी श्रावण मास्तरनं आपल्या हातानं रंगवलेली पाटी उभी केली होती. पूनमसिंगनं गाडी थांबवली आणि विचारलं, "काय लिवलं, मास्तर?"

मास्तरनं मोठ्यानं वाचलं: "बर्फाच्या रानातले वीर. सांगणार, बिजलीबाई. मदतीला, श्रावण मास्तर."

"मदतीले कायले?" बिजलीबाई लाजून म्हणाली. "तुमी मास्तर."

"पाटी माझी आहे," मास्तर म्हणाला, "मला हवं ते लिहीन." आणि तो तिला आत घेऊन गेला, जिथं दिवेलागणीआधीच बसायला जागा उरली नव्हती.